प्रकाशाचा जमाखर्च

मनुष्याला एखादा छंद असावा असे सगळेच म्हणतात. पण तो छंद शेजाऱ्याला समजेल असा असावा, ही अट प्रत्येकाने मनातल्या मनात घातलेली असते. पोस्टाची तिकिटे जमविणारा, गुलाबाची कलमे करणारा किंवा संध्याकाळी पेटी पुढे ओढून बसणारा गृहस्थ समाजाला मान्य असतो. कारण त्याच्या छंदाचे फळ दिसते, फुलते किंवा निदान ऐकू तरी येते. परंतु रात्री जेवणे उरकल्यावर गच्चीवर जाऊन, तिपाईवर एक नळी बसवून, चार-पाच तास मुकाट्याने बसणाऱ्या माणसाविषयी लोक फारसे अनुकूल मत करून घेत नाहीत. त्यातून तो गृहस्थ सोलापूरच्या नव्या पेठेत राहणारा असला तर विचारावयासच नको. नवी पेठ ही बाजाराची पेठ. येथील दृष्टी समोरच्या गिऱ्हाइकावर, हातातल्या कापडावर आणि गल्ल्यावर खिळलेली असावयाची. मान वर करावयाची ती पाऊस येतो की काय हे पाहण्यापुरती. आणि आमच्या कोरड्या जिल्ह्यात तो प्रसंगही फार वेळा येत नाही.

आम्ही याच पेठेतले. घरात पिढीजात व्यवसाय दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचा. आणि आमचा छंद मात्र दूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे घेण्याचा. या दोहोंत काही नाते असेल असे आम्हाला पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. ते गेल्या हिवाळ्यात घरातल्या एका वादाने दाखवून दिले, आणि तोच वाद वाचकांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

प्रथम दीर्घिका म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपला सूर्य ज्या अब्जावधी ताऱ्यांच्या मेळाव्यातला एक आहे, ती आकाशगंगा. आणि तिच्यासारखेच, पण तिच्या पलीकडे अफाट अंतरावर असलेले ताऱ्यांचे दुसरे मेळावे, त्या दीर्घिका. त्यांपैकी आपल्याला सर्वांत सोयीची म्हणजे देवयानी नक्षत्रातील दीर्घिका. मराठी नक्षत्रनामे ठरविणाऱ्यांनी शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाती यांना आकाशात शेजारी शेजारी बसविले आहे. महाभारतातल्या या दोघी मैत्रिणींचे भांडण वस्त्रांच्या अदलाबदलीवरून जुंपले होते, हे लक्षात घेता कापडाच्या पेठेतल्या माणसाने त्यांच्याकडे पाहावे यात विशेष वावगे नाही. कार्तिकात रात्री नवाच्या सुमारास देवयानी सोलापूरच्या आकाशात उत्तरेकडे चांगली साठ-पासष्ट अंश वर येते. अंधाऱ्या माळावरून नुसत्या डोळ्यांना तेथे एक फिकट धुरकट डाग दिसतो. त्या डागातून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो तो सुमारे २५ लाख वर्षांचा प्रवास करून. तो निघाला तेव्हा आफ्रिकेत आपले दूरचे पूर्वज दगड फोडून पहिलीवहिली हत्यारे करीत होते.

हा डाग दुर्बिणीतूनही डागच दिसतो, हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. पाहुणे गच्चीवर येतात, नळीला डोळा लावतात आणि सौजन्याने "वा!" म्हणतात, पण त्या 'वा'मध्ये जोर नसतो. दोष दुर्बिणीचा नव्हे, डोळ्याचा आहे. डोळा हा मोठा उधळा गृहस्थ आहे. क्षणात आलेला प्रकाश तो क्षणातच खर्ची टाकतो. शिल्लक म्हणून पुढे ओढीत नाही. कॅमेऱ्याचे तसे नाही. तो आलेला प्रकाश साठवितो; दोन मिनिटे उघडा ठेवला तर दोन मिनिटांची सारी मिळकत त्याच्या खात्यावर जमा असते. आमची दुर्बीण अवघी ८० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची आहे. अंधारात पुरत्या उघडलेल्या बाहुलीपेक्षा ती सुमारे १३० पट प्रकाश गोळा करते. पण तिचे खरे सामर्थ्य या पटींत नसून साठवणुकीत आहे.

ही साठवण कशी चालते ते हिशेबनिसाच्या भाषेत सांगणे सोपे पडते. गेल्या कार्तिकात आम्ही नान्नजच्या वाटेवरील एका स्नेह्याच्या शेतात तीन रात्री घालविल्या. यंत्राची तिपाई ध्रुवाच्या रोखाने लावावी लागते, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याबरोबर दुर्बीणही उलट दिशेने तासाला १५ अंश फिरत राहते आणि दीर्घिका जागची हलत नाही. सोलापुरात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर असतो. पेठेतल्या आमच्या गच्चीवरून तो शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे दडतो, शेतात मात्र उघडा सापडतो. दोन दोन मिनिटांचे १८० फोटो घेतले. ज्यांत ढग आला, विमान गेले किंवा वाऱ्याने नळी हलली, असे ३० बाजूला काढले. उरले १५०, म्हणजे पाच तासांचा प्रकाश. ही झाली जमा.

आता वजावट. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या उष्णतेने काही खोटे ठिपके उमटतात. ते ओळखण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर झाकण घालून तेवढ्याच वेळेचे काळे फोटो घ्यावयाचे. त्यांत जे उमटेल ते आकाशाचे नव्हे, कॅमेऱ्याचे, म्हणून ते वजा करावयाचे. भिंगाच्या कडेला प्रकाश कमी पडतो आणि आतल्या धुळीच्या कणांच्या सावल्या पडतात. त्यासाठी नळीच्या तोंडावर पांढरे स्वच्छ कापड ताणून पहाटेच्या एकसारख्या उजेडात काही फोटो घ्यावयाचे, म्हणजे कोठे किती तूट येते ते कळते. हे कापड आम्ही पेठेतूनच वारभर घेतले, दुकानदाराने "कशाला हवं?" असे विचारले, तेव्हा "धूळ मोजायला" असे खरे तेच उत्तर दिले, आणि त्याने पुढे काही विचारले नाही. अशी वजावट करून १५० फोटो एकावर एक रचले, की खरा प्रकाश दीडशेपट होतो. पण फोटोगणिक इकडे तिकडे उडणारी जी कुरबूर असते ती सुमारे बारापटच वाढते, कारण ती एका दिशेची नसल्यामुळे आपसातच पुष्कळशी फिटते. एकेका फोटोत ज्याचा मागमूस नसतो, ते देवयानीचे वळसे, तिच्यातील धुळीचे काळे पट्टे आणि तिच्या दोन लहान सोबतिणी अशा रीतीने हळूहळू वर येतात.

हे चित्र छापून आणले आणि दिवाणखान्यात लावावयाचे ठरले. तेव्हा पुण्यास शिकत असलेला आमचा पुतण्या सुटीत घरी आला होता. त्याने चित्र पाहिले, नम्रपणे वाखाणले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच एक 'सुधारलेली' प्रत छापून आणली. ती त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका यंत्रणेकडून एका मिनिटात करवून घेतली होती. खरोखर दृष्ट लागावी असे ते चित्र होते. आमच्या चित्रात जेथे कापूस पिंजल्यासारखी धूसरता होती, तेथे त्याच्या चित्रात रेशमी धागे होते. आमचे तारे किंचित फुगलेले, त्याचे सुईच्या टोकासारखे. वहिनींनी तत्काळ त्याच्या बाजूने कौल दिला. खरे सांगावयाचे तर आमचे स्वतःचे मनही क्षणभर डळमळले. तीन रात्री थंडीत कुडकुडून जे साधले नाही ते एका मिनिटात साधत असेल, तर आम्ही त्या शेतात करीत तरी काय होतो?

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, यांनी चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या आहेत. आकाशाशी त्यांचा संबंध पंचांगापुरता. त्यांनी दोन्ही चित्रे मेजावर शेजारी शेजारी ठेवली, चष्मा पुसला, पट्टी घेतली आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातील एकेक ठिपका पेन्सिलीने जुळवावयास सुरुवात केली. अर्ध्या तासाने त्यांनी मान वर केली.

"ह्या कोपऱ्यात तुझ्या काकाच्या चित्रापेक्षा अकरा तारे जास्त आहेत. हे कुठून आले?"

"यंत्रणेनं भरले असतील," पुतण्या म्हणाला.

"भरले, म्हणजे आलेले नव्हेत. यात आलेलं किती आणि घातलेलं किती, याचा हिशेब आहे तुझ्याकडे?"

पुतण्या काही भोळा नव्हे. तो म्हणाला, "दादा, काकांनीही चित्र उजळ केलंच आहे. डोळ्याला कधी न दिसणारा रंग दाखवला आहे. त्यांनी केलं ते शास्त्र, आणि मी केलं ती लबाडी, असं कसं?"

हा आक्षेप वाजवी आहे आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही. चित्र उजळ करताना आम्ही सर्व चित्राला एकच नियम लावतो. मंद असेल ते त्याच प्रमाणात वर येते, मग तो वळसा असो की डाग. जे वजा करतो ते आधी मोजून घेतलेले असते. पण रंग किती गडद ठेवावा, निळा कोठपर्यंत निळा म्हणावा, यात आमच्या आवडीचा हात असतो, हे आम्हाला नाकारता येणार नाही. तेव्हा फरक आहे तो एवढाच, आणि एवढाच पुरे आहे: आम्ही आलेल्या रकमा नीट मांडतो, यंत्रणेने न आलेल्या रकमा जमेस धरल्या. दीर्घिका साधारणतः कशा दिसतात हे तिने हजारो चित्रांवरून शिकून ठेवले आहे, आणि आमच्या देवयानीला तिने त्या शिकवणुकीप्रमाणे नटविले. तिचे चित्र सुंदर आहे. परंतु ते देवयानीचे नसून देवयानीविषयीच्या समजुतीचे आहे.

समजूत आणि साक्ष यांत हा जो भेद आहे, त्याचे मोल या विद्येच्या इतिहासात पदोपदी दिसते. लिव्हरपूलचा बांधकामाचा ठेकेदार आयझॅक रॉबर्ट्स हा आमच्यासारखाच हौशी, पण सधन मनुष्य. डब्लिनच्या ग्रबच्या कारखान्यातून आणविलेल्या २० इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याने २९ डिसेंबर १८८८ च्या रात्री देवयानीचे छायाचित्र काचेवर घेतले, आणि आजवर नुसता डाग म्हणून माहीत असलेल्या त्या वस्तूचे वळसे प्रथमच उघड झाले. रॉबर्ट्सला वाटले की ही आपल्यासारखी एक ग्रहमाला जन्माला येत आहे. त्याचा तर्क साफ चुकला. पण काच चुकली नाही. तिच्यावरचे वळसे आजही खरे आहेत. पुढे १९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल याने माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचेवर देवयानीतील एका ताऱ्यापाशी प्रथम नवताऱ्याची खूण केली, मग ती खोडून तेथे तो रूपविकारी तारा असल्याचे लिहिले. त्या एका ताऱ्याने देवयानी आकाशगंगेच्या बाहेरची ठरविली. हबलने काढलेले अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे, म्हणजे आजच्या मानाने निम्म्याहूनही कमी होते. येथेही अनुमान पुढे दुरुस्त झाले. काच जशीच्या तशी राहिली. याच्या उलट मंगळावरील कालवे घ्या. डोळ्याने पाहून हाताने काढलेल्या नकाशांत ते रेघारेघांनी भरलेले होते, आणि त्यांवर मोठमोठे ग्रंथ झाले. कालवे मात्र मंगळावर नव्हतेच. त्या नकाशांत डोळ्याने पदरचे घातले होते.

दूर कशाला जावे? आमच्याच जिल्ह्यात, करमाळे तालुक्यातील जेऊर येथे, २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी छावण्या पडल्या होत्या. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तेथे आले होते. त्यांच्या वेधशाळेतही त्याच ग्रबच्या कारखान्याची २० इंची दुर्बीण होती. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन समुद्रापलीकडून आले होते. एवढा खटाटोप कशासाठी, तर दोन मिनिटांच्या काळोखासाठी! सूर्याभोवतीच्या प्रभेची चित्रे त्यापूर्वी लोक हाताने काढीत, आणि एकाच ग्रहणाची दोघांनी काढलेली चित्रे एकमेकांना ओळख दाखवीत नसत. ग्रहण संपल्यावर पुन्हा पाहण्याची सोय नाही. म्हणून जे आले तेच जसेच्या तसे टिपून ठेवील असा साक्षीदार हवा होता. तो कॅमेरा होता. जेऊरच्या माळावर हे घडले याचा आम्हाला अभिमान वाटतो, आणि त्या अभिमानात थोडी जबाबदारीही आहे असे वाटते.

यावर कोणी म्हणेल, की ते पडले विद्वान. नव्या पेठेतल्या गच्चीवरचा हौशी माणूस खरे लिहो की खोटे, जगाचे काय अडते? याचे उत्तर आर्जेन्टिनातील रोसारियो शहराच्या एका कुलूपवाल्याने देऊन ठेवले आहे. व्हिक्तोर बुसो हे त्याचे नाव. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री आपल्या घराच्या गच्चीवरील ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीला नवा कॅमेरा लावून तो त्याची परीक्षा घेत होता. शहराचा उजेड फार, म्हणून त्याने वीस वीस सेकंदांचे पुष्कळ फोटो घेतले. समोर होती सुमारे आठ कोटी प्रकाशवर्षांवरची एक दीर्घिका. आधीच्या फोटोंत काही नाही. नंतरच्या फोटोंत एक ठिपका, आणि तो फोटोगणिक वाढत जाणारा. एका ताऱ्याचा स्फोट होऊन त्याचा पहिला प्रकाश पृष्ठभागाबाहेर पडण्याचा तो क्षण होता. असा क्षण पकडण्यासाठी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे टपून होते. या नोंदींवर आधारलेला निबंध २०१८ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या नियतकालिकात आला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या कुलूपवाल्याच्या रिकाम्या फोटोंनाही भरलेल्या फोटोंइतकीच किंमत आली. आधी तेथे काही नव्हते, ही साक्ष त्यांचीच. एखाद्या सुधारक यंत्रणेने तो अंधुक ठिपका मळ म्हणून पुसला असता, किंवा रिकाम्या जागी शोभेसाठी दुसरा घातला असता, तर तेवढाच घात झाला असता.

आणि खुद्द देवयानीचेच पाहा. तिच्याइतकी छायाचित्रे दुसऱ्या दीर्घिकेची क्वचितच झाली असतील. तरी २०२२ साली सेंती, ड्रेक्स्लर आणि स्ट्रॉटनर या हौशी मंडळींनी सुमारे दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीने २२ रात्री, एकशे दहा तासांहून अधिक प्रकाश साठविला, तेव्हा तिच्या शेजारी ऑक्सिजनच्या निळसर प्रकाशाची, आकाशात सुमारे दीड अंश पसरलेली एक कमान प्रथमच दिसली. ती देवयानीजवळची की अलीकडे आपल्याच आकाशगंगेतली, यावर मतभेद आहेत. ते मिटतील तेव्हा मिटोत; नोंद खरी असली म्हणजे मतभेदाला जागा मिळते, आणि नोंद बनावट असली म्हणजे मतभेदालाही अर्थ राहत नाही. देवयानी कशी दिसते हे आधीच ठाऊक असलेल्या यंत्रणेने ही कमान कधीच दाखविली नसती. कारण ती तिच्या समजुतीत नव्हती.

आमच्या पेठेच्या उजेडाबद्दल मात्र थोडी तक्रार नोंदविली पाहिजे. ज्या अमावास्येला आकाश सर्वांत काळे असावयाचे, त्याच लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला पेठ सर्वांत उजळ असते. त्या एका रात्रीबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. तो उजेड देवीचा आणि वह्यांच्या पूजेचा. पण वर्षाच्या उरलेल्या रात्री पाट्यांचे आणि रस्त्यांचे पांढरे दिवे जो प्रकाश वर फेकतात, तो ना गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा ना दुकानदाराच्या. केवळ वीजबिलात जातो. त्याचा उजेड हिशेबाने वजा करता येतो, पण त्याने वाढविलेली कुरबूर वजा करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे झाकले गेले, तेव्हा माउंट विल्सनवर वाल्टर बाडे याने देवयानीच्या गाभ्यातील तारे प्रथमच वेगळे करून दाखविले. एवढ्यासाठी युद्ध व्हावे असे कोण म्हणेल? दिव्यांवर आडोसे घालून त्यांचे तोंड खाली वळविले, तरी पुष्कळ काम होईल, आणि नान्नजचे पेट्रोल वाचेल.

आमच्या वादाचा निकाल शेवटी दादांनी दिला. पुतण्याचे चित्र त्याच्या खोलीत लागले. चित्र म्हणून ते सुंदरच आहे आणि ते कोणी काढून टाकावे असे आम्हालाही वाटले नाही. दिवाणखान्यात आमचे लागले. त्याच्याखाली एक लहानसा कागद चिकटविण्याचा आग्रह दादांचा, आणि अक्षरही त्यांचेच. जमेच्या बाजूस : घेतलेले फोटो १८०, ग्राह्य १५०, प्रकाश पाच तास. वजावटीत : काळे फोटो, कापडाचे फोटो, आकाशाचा उजेड. त्याखाली 'पदरचे' असे लिहून त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही "काही नाही" असे सांगणार, एवढ्यात पुतण्याने विचारले, "आणि रंग?"

दादांनी क्षणभर विचार केला आणि त्या रकान्यात लिहिले, 'रंग, अंदाजे.'